बघण्यासारखं काहीतरी

त्या दिवशी निमित्त म्हणावं तर दातांच्या डॉक्टरीणबाईंचा कोट पोचवायचा होता, एवढंच. आईने त्याचं अस्तर बदलून दिलं होतं आणि बदलता बदलता कमरेची शिवण दोन्ही बाजूंनी बोटभर सैल केली होती, अर्थातच बाईंना न सांगता. घरोघरी जाऊन मापं घेण्याच्या तिच्या धंद्यातला हा पहिला नियम. गिऱ्हाईक सुटलं तर सुटलात म्हणायचं नाही, वाळलं तर वाळलात म्हणायचं नाही. शिवण उसवायची, सरकवायची, पुन्हा घालायची आणि गप्प बसायचं. मग माणूस आरशात वळून वळून बघतं आणि म्हणतं, अजून होतं तसंच आहे की माझं अंग. आई ओठांत टाचण्या धरून नुसतं 'हं' म्हणते. डॉक्टरीणबाईंनीही कोट चढवला, बटणं लावली, अगदी हेच म्हटलं, आणि आईने 'हं' केलं. बाहेर आल्यावर कोपरा वळेपर्यंत मायलेकींनी कसंबसं हसू आवरलं. "चांगल्या भरल्यात गं यंदा," आई म्हणाली. "सगळ्या गावाचं गोड बंद करायचं म्हटल्यावर उरलेलं जाणार कुठे?" मुलगी चाळिशी ओलांडलेली, आई सत्तरीच्या अलीकडे, पण रस्त्यावर फिदीफिदी हसताना दोघींचं वय एकच होतं. ऊन उतरायला लागलं होतं. परत जायला बस होती, थांबा समोर होता, आणि दोघींनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

शहर डोंगरांवर वसलेलं, म्हणजे मुळात चुकीच्या जागी वसलेलं, असं बाबांचं मत. बाबा जन्मभर बस कंडक्टर. रस्ते डोंगराला वेटोळे घालत जातात, एका हाकेवरचं घर गाठायला बस अर्धं शहर हिंडवते, आणि या वेटोळ्यांना मधोमध चिरत खालून वर जातात ते जुने सार्वजनिक जिने. रस्ते व्हायच्या आधीचे. घरांच्या पाठींमधून, मोऱ्यांच्या कडेने, कोणाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला खेटून ते चढत जातात. मध्येच एखादा सपाट टप्पा येतो, तिथे नळ असतो किंवा मोडका बाक, आणि जिना पुन्हा उजवीकडे वळून दिसेनासा होतो. "ज्या गावात बस आहे त्या गावात जिना चढणारा माणूस एकतर चोर असतो नाहीतर तुझी आई," बाबा म्हणत. आईला याचा अभिमानच होता. मापं घ्यायला जाताना एका जिन्याने जायचं आणि येताना दुसऱ्या, असा तिचा परिपाठ. गेल्या वाटेने परत येणं तिला शिळं अन्न खाल्ल्यासारखं वाटे. मुलगी लहान असताना तिच्या हातात खडूची पेटी आणि टेप देऊन आईने तिला या जिन्यांवरून हिंडवलं होतं, आणि नंतर, मुलीला नोकरी लागल्यावर, सुट्टीच्या दिवशी दोघी कामाशिवायच हिंडू लागल्या. तरीही शहर संपलं नव्हतं. त्या दिवशी धोबीखान्याच्या मागे त्यांना असा एक जिना सापडला की जो दोघींनी कधीच पाहिला नव्हता. "बघ, लपून बसला होता," आई म्हणाली आणि पुढे झाली.

त्यांच्या घरात कोणी दमत नसे. म्हणजे दमायचे सगळेच, पण तसं म्हणायचं नाही. हे कोणी कोणाला शिकवलेलं नव्हतं. धंद्यातला नियम जसा आईच्या हातांतून घरात आला तसंच हेही आलं असावं. चढताना दम लागला की थांबायचं आणि काहीतरी दाखवायचं. ती टाकी बघ, किती लांबून दिसते. तो बघ, एवढ्याशा गच्चीत माणसाने कबुतरं पाळलीत. बरोबरच्याने मग तिकडे नीट बघायचं, नुसतं हो म्हणून सुटायचं नाही, आपल्या पदरचं काहीतरी घालायचं, आणि पहिल्याचा श्वास जागेवर येईतो ते बघणं लांबवायचं. श्वासाकडे मात्र बघायचं नाही. बाबासुद्धा, जिन्यांना एवढी नावं ठेवणारे, घरापाशी उरलेली चढण चढताना गुडघे बोलायला लागले की छडी उंचावून म्हणायचे, त्या इमारतीला काय भयंकर रंग दिलाय बघ. हे इतकं अंगवळणी पडलं होतं की मुलीला कित्येक वर्षं वाटे, सगळी माणसं अशीच असतात. जगातले सगळे देखावे दमलेल्या लोकांनी शोधून काढलेत.

त्या नव्या जिन्यावर आई पहिल्यांदा थांबली तिथे खाली रेल्वेचं यार्ड दिसत होतं. ते सुरेखच होतं. दुसऱ्यांदा थांबली तिथे एका गच्चीवर पांढऱ्या चादरी वाळत होत्या, वारा त्यांच्यात शिरून बाहेर पडत होता, आणि मुलगी म्हणाली, कोणीतरी आतून माप घेतंय. आई हसली, पण हसणं पुरतं झालं नाही. तिसऱ्यांदा ती थांबली तिथे बघण्यासारखं काही नव्हतं. दोन्ही बाजूंना इमारतींच्या पाठी, नळाचे पाइप, वर आभाळाची चिंधी, आणि समोर जिना वळत होता त्या वळणावर एक भिंत. आईने कठड्यावर हात ठेवला, भिंतीकडे बघितलं आणि म्हणाली, "बघ." पुढे काय बघ ते तिला सुचलं नाही. तिच्या वरच्या ओठावर घाम आला होता आणि कानांच्या पाळ्या मेणासारख्या दिसत होत्या. मुलीने ते पाहिलं. पाहिलं आणि लगेच नजर काढून भिंतीवर ठेवली, घरातल्या रीतीप्रमाणे. "खरंच गं," ती म्हणाली, "शेवाळ कसं चढलंय. नकाशासारखं." "हो ना," आई म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "ते बेट." "आणि ही नदी, ही फुटली इथे." "तिथे गाव असणार." "बसची सोय नसलेलं." मग आई खरंच हसली. किती वेळ कोण जाणे, दोघी त्या ओल्या भिंतीसमोर उभ्या राहून तिच्यावर एक आख्खा देश वसवत राहिल्या. नंतर आई 'चल' म्हणाली आणि त्या चढल्या.

घरी आल्यावर बाबांनी विचारलं, "आलात? मला वाटलं डेपोत जमा झालात." आईने पावाला लोणी लावलं, उजेडाखाली बसून एका बटणाचा दोरा दाताने तोडला, मुलीला म्हणाली की यार्डाच्या वरच्या अंगाला अजून एक वाट फुटताना दिसली, पुढच्या सुट्टीला बघू. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा चहा घेऊन गेले तेव्हा ती पलंगाच्या काठावर बसलेली होती, पाठ उशीला टेकलेली, एका पायात मोजा घातलेला आणि दुसरा हातात. बाबांनी चहा खाली ठेवला आणि तिच्या हातातला मोजा काढून तिच्या दुसऱ्या पायात घातला. मग मुलीला हाक मारली. डॉक्टर आले, हृदय म्हणाले, आणि कागद भरता भरता त्यांनी विचारलं, "काल काही त्रास? धाप वगैरे?" "छे हो," बाबा म्हणाले, "काल तर अख्खा डोंगर चढून आली." आणि एवढ्या दुःखातही त्यांनी जरा ऐटीत मुलीकडे पाहिलं, म्हणजे तिने दुजोरा द्यावा. "हो," मुलगी म्हणाली.

त्या 'हो'नंतर तिला बसता येईना. आधी तिला वाटलं, लोक येताहेत, उठबस करावी लागतेय म्हणून असेल. लोक यायचे थांबले तरी तेच. खुर्चीत बसलं की पोटऱ्यांत काहीतरी हलायला लागे, पाण्याखाली चिकट मासे हलावेत तसं. पुस्तक घेतलं की एकाच ओळीवरून डोळे मागे-पुढे फिरत राहत. इतकी वर्षं पुस्तकं वाचली, त्यात माणसं मेली, मागे राहिलेल्यांनी पानंच्या पानं विचार केले, आणि तिला विचार म्हणून काही येतच नव्हता. यायचे ते पाय. मग ती कामावरून सुटल्यावर घरी न जाता जिने चढायला लागली. भरभर, थांबायचं नाही अशा वेगाने. एका डोंगराच्या पायथ्याला शिरायचं, वर रस्त्याला निघायचं, रस्ता ओलांडून समोर जो जिना दिसेल त्याने खाली. यार्डाच्या वरच्या अंगाची ती वाट तिने शोधून काढली. ती एका शाळेच्या मागच्या फाटकाशी जाऊन संपत होती. एक जिना पुढे रस्त्यासाठी कापलेला, शेवटची पायरी हवेत. एक इतका रुंद आणि ठेंगणा की तो माणसांसाठी नसून ओझ्याच्या जनावरांसाठी बांधला असणार. त्याच्यावर माणसाचं पाऊल कधी बरोबर पडतच नाही, सारखं अर्धं उरतं. एका जिन्याचा लोखंडी कठडा हातांनी घासून इतका गुळगुळीत झालेला की तो धरल्यावर तिला एकदम कोणाचातरी हात धरल्यासारखं वाटलं, आणि तिने तो सोडून दिला. खिडक्यांतून तळणीचा वास, रेडिओ, कोणीतरी कोणालातरी "मी सांगितलं होतं ना" म्हणताना. एकदा कपडे वाळत घालणाऱ्या एका बाईने तिला तिसऱ्यांदा तिथूनच जाताना पाहून हटकलं, "काय शोधताय?"

"काही नाही. जिना बघतेय."

"जिना काय बघायचाय? चढायचा आणि घरी जायचं."

"घरीच चाललेय."

"मघाशी खाली चालला होतात," बाई म्हणाली आणि तोंडातला चिमटा काढून दोरीला लावला. तोंडात चिमटा धरून बोलण्याची ती तऱ्हा आईची होती, टाचण्यांची. ती पुढे दोन-दोन पायऱ्या गाळत चढली. सगळे जिने तिने पालथे घातले, धोबीखान्यामागचा तेवढा सोडून. त्याच्या तोंडावरून जाताना ती रस्त्याच्या पलीकडची कड धरायची.

घरी बाबा विचारायचे, "मग? आज कुठला मार्ग?" ती सांगायची. रंगवून सांगायची. तो हवेतला जिना, ते शाळेचं फाटक. बाबा म्हणायचे, "तिथे पूर्वी विनंती थांबा होता. विनंती कोणी केली नाही म्हणून काढला." ती हसायची. ती विचारायची, जेवलात का दुपारी, ते म्हणायचे, हादडून, आणि मोरीतली ताटली सकाळी ठेवली होती तशीच कोरडी असायची. ती संध्याकाळी त्यांच्या ताटात जरा जास्त वाढायची. त्यांना तिचं रात्री खोलीत फेऱ्या घालणं ऐकू येत असणार, सकाळी ते म्हणायचे, "काल झोप छान लागली, नाही?" दोघांनीही एकमेकांच्या शिवणी गुपचूप सैल करून दिल्या होत्या आणि दोघं त्यात ऐसपैस, सुखरूप वावरत होते. एकदा मात्र उलटं झालं. तिच्या पँटी कमरेत ढिल्या झाल्या होत्या. ती पिन लावून भागवत होती. एका सकाळी तिने पँट चढवली तर पिनेची गरजच पडली नाही. कमरपट्टा उलटून पाहिला. मागच्या बाजूला शिवण आत घेतलेली होती, वाकडीतिकडी, मशीन मध्येच अडल्याच्या खुणा, एके ठिकाणी तेलाच्या बोटाचा डाग. बाबांनी जन्मात कधी सुईत दोरा ओवला नव्हता. बाहेर ते पेपर वाचत बसले होते, पेपर जरा जास्तच उंच धरून. "निघाले," ती म्हणाली. "हं," बाबा म्हणाले. अगदी आईच्या सुरात. ती दारातून बाहेर पडली आणि त्या दिवशी तिने कामावर पोचायलाही तीन डोंगर पालथे घातले.

तिचं काम असं, की लिफ्टच्या कंपनीत तक्रारींचा फोन ती घेत असे. डोंगराळ शहरात लिफ्ट पुष्कळ, आणि अडकायच्याही पुष्कळ. कानाला फोन लावून ती खिडकी नसलेल्या खोलीत बसायची, अडकलेला माणूस लिफ्टमधलं बटण दाबायचा, आणि मेकॅनिक पोचेपर्यंत त्याला बोलतं ठेवायचं. पहिला प्रश्न ठरलेला: श्वास घ्यायला त्रास होतोय का? मग बाकीचं, कितवा मजला, किती जणं. तो प्रश्न तिने इतक्यांदा विचारला होता की तिला त्यातले शब्द ऐकूच येत नसत. आई जाऊन अडीच-तीन महिने झाले असतील, एका दुपारी एका म्हाताऱ्या गृहस्थांचा फोन आला. एकटेच होते. तिने प्रश्न विचारला.

"त्रास? छे छे. मजेत आहे मी," ते म्हणाले. "इथे आरसा आहे मोठा. किती वर्षांनी स्वतःला निवांत बघतोय. नाक... नाक बरंच लांब आहे हो माझं."

'नाक' आणि 'नाक' यांच्या मध्ये जे होतं ते तिला ऐकू आलं. "आजोबा, छातीत काही होतंय?"

"अहो नाही. कोपऱ्यात एक तडा आहे आरशाला. झाडासारखा दिसतो. फांद्या..."

"आजोबा," ती म्हणाली, आणि स्वतःचा आवाज तिला फार लांबून आला, "आरशाचं राहू द्या. खाली बसा. जमिनीवर. आत्ता."

"कपडे खराब..."

"होऊ देत. बसा म्हणते ना. बसलात? पाठ टेका. कॉलरचं बटण काढा. मला काही दाखवू नका आता, नुसता श्वास घ्या. मी ऐकतेय."

तो नुसता श्वास ती ऐकत राहिली. दुसऱ्या फोनवरून तिने अँब्युलन्स बोलावली, मेकॅनिकवर दोनदा ओरडली. संध्याकाळी मेकॅनिक हत्यारांची पिशवी आपटत आला. "वाचले तुमचे आजोबा. स्ट्रेचरवरून मला सांगतात, त्या फोनवरच्या बाई भारी खडूस आहेत, आरसासुद्धा बघू देत नाहीत."

सगळे हसले, तीही हसली. मग कानावरचा फोन काढून ठेवायचा राहूनच गेला. एका परक्या माणसाच्या दोन शब्दांमधली फट तिला ऐकू आली होती आणि एवढंसं बोलायला तिला एक क्षणही लागला नव्हता. खाली बसा. मला काही दाखवू नका. कुठून आलं ते तिच्या तोंडात? कोणासाठी तयार होऊन बसलं होतं? तिला ती भिंत दिसली, बेट, नदी, बसची सोय नसलेलं गाव. आणि पहिल्यांदाच तिला वाटलं की आईला त्या गावाचं हसू आलं ते खरंच आलं होतं का, की तेही तिच्यासाठीच काढलेलं, मुलीने एवढं सुचवलं, तिचा हिरमोड नको म्हणून. कोण कोणाला झाकत होतं? दोघींपैकी एकीने जरी रीत मोडली असती. पण रीत मोडायला तिथे परकं माणूस हवं होतं, आणि जिन्यावर दोघीच होत्या, अगदी आपल्या.

त्या संध्याकाळी ती बाहेर पडली तर दाराशी बाबा उभे. हातात छडी, अंगात कंडक्टरकीचं जुनं जाकीट, त्याची बटणं आईने बदललेली. आई गेल्यापासून ते घरापासून कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे गेले नव्हते.

"तुम्ही कसे आलात?"

"बसने. ओळखलं मला ड्रायव्हरने. तिकिटाचे पैसे घेईना. मी म्हटलं घे बाबा, नाहीतर मला उतरवायला मीच यायचो." ते छडीने रस्ता टोचत राहिले. "चला बाईसाहेब. आज मीपण येतो जिन्याने."

"गुडघ्यांचं काय?"

"ते आणलेत बरोबर. घरी कोणाकडे सोडणार?"

"बरं. मग इथला, मागचा घेऊ. सोपा आहे."

"तो नको," बाबा म्हणाले. "ती शेवटी ज्याने आली तो."

ती म्हणाली की तो लांब आहे. बाबा म्हणाले, असू दे. ती म्हणाली की तिथे बघण्यासारखं काही नाही. बाबा म्हणाले, "तुझी आई आली त्यावरून आणि बघण्यासारखं काही नाही? तिला सांगू नकोस हं." वाक्य चुकीच्या काळात पडलं होतं, आणि ते उचलून नीट ठेवणं दोघांपैकी कोणालाच जमलं नाही.

धोबीखान्याच्या मागे तोच ओला, साबणाचा वास होता. बाबा पायरीवर आधी छडी ठेवत, मग उजवा पाय, मग डावा त्याच्याशेजारी, मग थोडं थांबून पुन्हा छडी. चालत्या बसमध्ये चढणाऱ्या माणसासारखे जरा तिरके, पण न अडखळता. ती त्यांच्या एक पायरी मागे, पडले तर धरायला. इतके दिवस ती धावत होती, आणि धावताना जिने नुसते पायांखालून वाहून गेले होते. आता बाबांच्या चालीने प्रत्येक पायरी वेगळी वर येत होती, झिजलेली, चिरलेली, कोणी सिमेंटने बुजवलेली, आणि प्रत्येकीवर उभं राहावं लागत होतं. यार्ड दिसलं. बाबा तिथे थांबले नाहीत. गच्ची आली, आज तिच्यावर काही वाळत नव्हतं. बाबा चढत होते. त्यांचा श्वास जड होता पण सारखा, जुन्या इंजिनासारखा. तिचा नव्हता. आधी तिला वाटलं हा आवाज खालून कुठून तरी येतोय. मग छातीच्या मधोमध कोणीतरी टेप गुंडाळून ओढला, एक वेढा, आणखी एक, आणि पाय, ते तीन महिने न थांबणारे पाय, परक्याचे असल्यासारखे जागेवर राहिले. वळण अजून बरंच वर होतं. इथे काहीच नव्हतं, दोन घरांच्या मधली एक साधी पायरी. तिने कठडा धरला.

बाबांना मागची पावलं थांबलेली कळली. ते वळले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, एकदाच, नीट. मग त्यांनी नजर काढून घेतली, किती अलगद, झोपलेल्या माणसाच्या हातातलं पुस्तक काढून घ्यावं तशी, आणि छडी उचलून वरच्या एका खिडकीकडे दाखवलं. "ते बघ. मांजर बसलंय खिडकीत. काय रुबाब आहे."

तिने बघितलं. खिडकी बंद होती. लाकडी झडपा, रंग उडालेल्या. बाबा तिकडेच तोंड करून उभे राहिले, घाई नसलेल्या माणसासारखे, छडी हवेत धरून. तिला माहीत होतं आता काय करायचं. मांजराचा रंग सांगायचा. शेपटी कशी सोडलीय ते सांगायचं. बाबा मग त्यात मिशा घालतील, आणि मांजर पुरेसं होईपर्यंत श्वास येईल, आणि दोघं वर जातील, घरी, जेवतील, आणि उद्या सकाळी झोप छान लागली असेल. इतकी वर्षं ती बघणाऱ्याच्या जागी उभी होती. दाखवणाऱ्याच्या जागीही अनेकदा. पण खरोखर पुढे जाता येत नसताना, या जागेवर, ती कधी उभी राहिली नव्हती. म्हणजे असं असतं, तिला वाटलं. कोणीतरी आपल्या अंगावर मऊ, मापाचं, बिनचूक शिवलेलं काहीतरी टाकतं, प्रेमानेच, याबद्दल तिळभर शंका नसते, आणि त्याच्या आत अंधार असतो आणि आपण त्यात एकटे. आईला हे असं झालं असेल. बेट दिसत असताना. तिने ओठ उघडले. रंग सांगायला म्हणूनच उघडले असावेत.

"मांजर नाहीये, बाबा."

"असेल आत गेलं," बाबा घाईने म्हणाले. "मघाशी होतं. बरं, ती कुंडी बघ, त्या..."

"बाबा."

छडी खाली आली.

"आई दमली होती त्या दिवशी. वर, वळणावर. खूप दमली होती." तिचा आवाज लहान होता, पण तुटत नव्हता. "आणि मी दमलेय. ती गेली त्या दिवसापासून मी इतकी दमलेय, बाबा, की मला काहीसुद्धा दिसत नाही. मला काही दाखवू नका. इथे बसा माझ्याजवळ. मी दमलेय."